पाट किती मांडायचे?

जिल्हा परिषदेत सभासद किती असावेत, हा प्रश्न पंगतीला पाट किती मांडावेत याइतका सोपा नाही. महाराष्ट्रात 1961 च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या. किमान 50 आणि कमाल 75 सभासद हे माप 2022 च्या आरंभी 55 ते 85 झाले. कारण, लोकसंख्या वाढली! पुढे सरकार बदलले, आणि त्याच ऑगस्टमध्ये जुने माप परत आले. लोकसंख्या काही सरकारबरोबर घटली नव्हती!

धरमतरच्या खाडीकाठी राहणाऱ्या बाईला या आकड्यांचे काय? मला वाटते, पुष्कळ. मतदारांचा गट लहान असला, तर गावच्या शाळेचे गळके छप्पर पाहायला सभासदाला सवड होईल, आणि ते गाऱ्हाणे अलिबागेला पोहोचेल. म्हणून मी वाढीच्या बाजूचा.

पण 2022 च्या मार्चमध्ये रायगड परिषदेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. वाद मापाचा, आणि खुर्च्या साऱ्याच रिकाम्या!

सभासद खुशाल वाढवा; पण आधी ते वेळेवर निवडू द्या. रिकामे पाट मोजून कोणाचे पोट भरत नाही.