बिशपांच्या अटीला आपण टाळ्या का वाजवायच्या?

मध्यंतरी आमच्या घरी अब्बांच्या मित्रांची बैठक होती. बोलता बोलता अमेरिकेतल्या गर्भपाताच्या वादाचा विषय निघाला. एक हाजीसाहेब, वयाने वडील आणि माणूस नेक, म्हणाले, "काही म्हणा, त्या पादऱ्यांना दाद द्यायला हवी. सरकारला झुकवलं, पण मजहब सोडला नाही. आपले आलिम असे उभे राहतील तर!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहा घेऊन आत गेले होते. बैठकीत एकही बाई बसलेली नव्हती, त्यामुळे कुणी मला काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. वडीलधाऱ्यांसमोर उलटून बोलायचे नाही या तालमीत मी वाढले, म्हणून कप ठेवले आणि परत फिरले. पण तेव्हा गिळलेले बोलणे अजून घशात अडकून आहे. ते आज इथे लिहिते.

पादऱ्यांनी सरकारला झुकवले ते काय मागून, हे आधी नीट पाहू.

2009 साली बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेत सुमारे 4 कोटी 60 लाख माणसे आरोग्यविम्यावाचून होती. त्या देशात विमा नसणे म्हणजे साध्या शस्त्रक्रियेपायी घरदार गहाण पडणे, आणि ताप अंगावर काढता काढता माणूस हाताबाहेर जाणे. या माणसांना विमा मिळावा म्हणून कायदा येऊ घातला होता. कॅथलिक बिशपांना ही मागणी नवी नव्हती. 1919 सालच्या त्यांच्या सामाजिक कार्यक्रमातच आजारपणाच्या विम्याचा पुरस्कार होता. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी ज्याचा पुरस्कार केला, ते दाराशी येऊन उभे होते.

तिथे अट आडवी आली. 1976 सालच्या हाइड दुरुस्तीने केंद्र सरकारचा पैसा गर्भपातावर खर्च करण्यास आधीच बंदी होती, काही मोजके अपवाद सोडून. नव्या कायद्यात सरकार लोकांना विम्याच्या हप्त्यासाठी मदत देणार होते. सरकारी पैसा वेगळा ठेवू आणि गर्भपाताचा खर्च विमेदाराच्या स्वतःच्या हप्त्यातून भागवू, असा तोडगा पुढे आला. बिशपांना तो मान्य झाला नाही. 6 नोव्हेंबर 2009 च्या रात्री त्यांचे प्रतिनिधी संसदेच्या इमारतीत सभापतींशी चर्चेला बसले होते. दुसऱ्या दिवशी मिशिगनचे कॅथलिक प्रतिनिधी बार्ट स्टुपक यांची दुरुस्ती 240 विरुद्ध 194 मतांनी मंजूर झाली आणि मगच मूळ विधेयक 220 विरुद्ध 215 असे कसेबसे पार पडले. सरकारी मदतीच्या पैशातून गर्भपाताचा खर्च देणारी विमा योजना घेताच येऊ नये, तिचा काही हप्ता बाईने पदरचा भरला तरी येऊ नये, असा त्या दुरुस्तीचा अर्थ होता. बलात्कार, रक्ताच्या नात्यातला अत्याचार आणि आईच्या जिवाला धोका एवढेच अपवाद. पैसेवालीला हा नियम लागू नव्हता. ती मदत घेतच नव्हती. नियम होता तो गरिबिणीला.

24 डिसेंबर 2009 रोजी सिनेटने आपले विधेयक 60 विरुद्ध 39 मतांनी मंजूर केले. त्यात स्टुपक दुरुस्ती नव्हती, पण गर्भपातासाठीचा हप्ता वेगळा भरण्याची सक्ती होती. आपल्या विमा बाजारातून गर्भपात वगळण्याची मुभाही राज्यांना दिली होती. बिशपांचे तेवढ्यानेही समाधान झाले नाही. मार्च 2010 मध्ये त्यांनी सबंध विधेयकालाच विरोध केला. कोट्यवधी आजाऱ्यांचे औषध एका कलमासाठी अडवून धरले गेले.

हाजीसाहेब, इथवरची गोष्ट तुम्हाला ठाऊक होती. पुढची बहुधा कुणी सांगितली नसेल.

बिशपांच्या विरोधात त्यांच्याच धर्मातल्या बायका उभ्या राहिल्या. सिस्टर कॅरोल कीहान या सहाशेहून अधिक कॅथलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या तेव्हाच्या प्रमुख. त्यांनी विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला. पाठोपाठ सुमारे साठ धर्मभगिनींनी सह्यांचे पत्र संसदेला पाठवले. गर्भपात योग्य आहे, असे यांतल्या कुणी म्हणत नव्हते. विधेयक आम्ही वाचले आहे, त्यात बिशप म्हणतात तसे नाही, आणि विम्यावाचून माणसे मरत आहेत, एवढेच त्यांचे सांगणे होते. 21 मार्च 2010 रोजी विधेयक 219 विरुद्ध 212 मतांनी मंजूर झाले. गर्भपाताला सरकारी पैसा जाणार नाही, असा आदेश काढण्याचे ओबामांनी कबूल केल्यावर स्टुपक यांनीही बाजूने मत दिले. त्या रात्री सभागृहात त्यांच्याच बोलण्याच्या वेळी एका सदस्याने बालहत्येचा आरोप ओरडून केला. ज्या माणसाने गर्भपाताविरुद्ध अख्खे सरकार अडवले, तोसुद्धा शेवटी पुरेसा धार्मिक ठरला नाही. अशा शर्यतीत कुणीच पुरेसा धार्मिक ठरत नसतो.

आता फिनिक्स शहरात चला. महिना तोच, नोव्हेंबर 2009. सेंट जोसेफ या कॅथलिक रुग्णालयात चार मुलांची एक आई दाखल झाली. वय 27, अकरा आठवड्यांची गरोदर. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब इतका वाढलेला की गर्भ राहिला तर मृत्यू जवळजवळ अटळ, असे डॉक्टरांचे मत. तिला दुसरीकडे हलवण्यासारखी स्थितीही नव्हती. रुग्णालयाच्या नीतिसमितीने गर्भपाताला संमती दिली. त्या समितीत सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड होत्या. बाई वाचली, चार मुलांची आई घरी गेली. आणि बिशप थॉमस ओल्मस्टेड यांनी निकाल दिला की, या धर्मभगिनीने आपल्या कृतीने स्वतःला चर्चबाहेर काढले आहे. आपल्या जमातींनी वाळीत टाकलेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. डिसेंबर 2010 मध्ये बिशपांनी त्या रुग्णालयाचा कॅथलिक दर्जाच काढून घेतला.

बिशप खोटारडे होते, असे मी म्हणत नाही. गर्भ पहिल्या क्षणापासून पूर्ण माणूस आहे, ही त्यांची श्रद्धा आहे आणि ती त्यांना मुबारक. पण आजाऱ्याच्या उशाशी रात्री कुणी काढल्या? मॅकब्राइड यांनी, कीहान यांच्या रुग्णालयांतल्या सिस्टरांनी. उशाशी बसणाऱ्यांना माणूस दिसतो आणि गादीवर बसणाऱ्यांना फक्त कलम दिसते. मजहबाचा वारस यांतला कोण, हे ठरवायला फार मोठ्या इल्मची गरज नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. जे पाप वाटते त्यासाठी माझ्या कराचा पैसा का वापरावा? प्रश्न रास्त आहे. मग 2003 सालचे इराक युद्ध आठवा. पोप जॉन पॉल दुसरे त्या युद्धाच्या विरोधात होते, अमेरिकी बिशपांनीही गंभीर शंका बोलून दाखवल्या होत्या. इराकमधल्या आयांची पोटची मुले कराच्याच पैशाने मेली. पण त्या युद्धाचा निधी मंजूर होताना बिशपांनी संसदेला असा वेढा घातल्याचे कुणी पाहिले नाही. बाँबच्या पैशाला शंका पुरते आणि बाईच्या विम्याला मात्र वेढा लागतो, तेव्हा सवाल जिवाचा राहिलेला नसतो. बाईवरच्या हुकमतीचा झालेला असतो.

आता आपल्या घरात येऊ. हाजीसाहेबांना वाटते की, पादरी लढले तो आपलाच मसला आहे. मी आलिम नाही, पण वाचता येते. गरिबीच्या भयाने मुलांना मारू नका, ही कुरआनची ताकीद मला ठाऊक आहे. इमाम गझालींनी गर्भ पाडणे प्रत्येक टप्प्यावर गुन्हा मानले आणि गर्भ वाढेल तसा तो गुन्हा वाढतो असे म्हटले. मालिकी फकीह तर सुरुवातीपासूनच कडक. पण हदीसच्या आधारे गर्भात रूह येण्याची मुदत बहुतेकांनी 120 दिवस धरली, आणि त्याआधी सबळ कारण असेल तर हनफी फकीहांनी वाट मोकळी ठेवली. ते सबळ कारण कसे, तर इब्ने आबिदीन यांच्या ग्रंथात दाखला आहे: अंगावर पिणारे मूल आहे, नव्या गर्भामुळे आईचे दूध आटले आहे, बापाला दाई ठेवणे परवडत नाही आणि पित्या मुलाच्या जिवाची भीती आहे. बघा, फकीहाने बापाचा खिसासुद्धा पाहिला! कोकणातले आपण शाफई. आपल्या इमामांतही यावर मतभेद आहेत, म्हणजे दार एकदम बंद नाही. आणि 120 दिवसांनंतरही आईच्या जिवावर बेतले तर आई आधी, हे आजच्या बहुसंख्य फकीहांचे मत आहे. माझ्या एका खालाच्या वेळी गावच्या मौलानांना विचारायला माणूस गेला होता. मौलाना म्हणाले, "आईची जान पहिली, डॉक्टर सांगेल तसं करा." खाला त्यानंतर तीस वर्षे जगली.

बिशपांची अट सबंध देशाचा कायदा झाली तर मौलानांच्या या उत्तराला जागा कुठे उरते? अल्पसंख्याकांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. बेळगावात वाढलेली सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती. ऑक्टोबर 2012 मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भपात होऊ लागला. गर्भ वाचणार नव्हता, तरी त्याचे ठोके चालू होते म्हणून डॉक्टरांनी तिची मागणी नाकारली. जंतुसंसर्ग रक्तात पसरून 28 ऑक्टोबरला, वयाच्या 31 व्या वर्षी, ती गेली. हा कॅथलिक देश आहे, असे आपण तिला म्हटल्याचे एका परिचारिकेने पुढे चौकशीत कबूल केले. सविता हिंदू होती. तिच्या जागी कुणाची सलमा असती तर तिलाही हेच ऐकावे लागले असते. आयर्लंडने 2018 साली 66 टक्क्यांहून अधिक मतांनी ते कलम रद्द केले, पण सविता परत आली नाही.

अमेरिकेत काटा उलटा फिरला. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि अनेक राज्यांत जवळजवळ संपूर्ण बंदी आली. इंडियाना राज्यात त्याच वर्षी ज्यूंची एक संघटना आणि नाव गुप्त ठेवलेल्या काही बायका कोर्टात गेल्या. आमचा धर्म आईचा जीव आणि तब्येत आधी धरतो, तुमचा कायदा आमचा धर्म पाळू देत नाही, हे त्यांचे म्हणणे. त्या बायकांत एक मुसलमान होती. हाजीसाहेब, दाद द्यायचीच तर या बाईला द्या. आणि 2025 च्या अखेरीस विम्याच्या वाढीव अनुदानाचा वाद पेटला, तेव्हा गर्भपाताची तीच जुनी अट पुन्हा पुढे आली. सोळा वर्षे झाली, ओलीस तेच आहेत: ज्यांना स्वतःच्या पैशाने डॉक्टर परवडत नाही ते.

आपले हातही फार स्वच्छ नाहीत. 1994 साली कैरोच्या लोकसंख्या परिषदेत गर्भपाताच्या प्रश्नावर व्हॅटिकन आणि काही मुस्लिम सरकारे एका सुरात बोलत होती. ज्यांचे एरवी कशावरच जमत नाही, त्यांचे बाईला गप्प बसवण्यावर चटकन जमले.

आपले आलिम ठाम उभे राहावेत असे मलाही वाटते. पण त्यांनी उभे राहावे ते दवाखान्याच्या दारात, आजाऱ्याची वाट अडवायला नव्हे, तर त्याला आत न्यायला. आणि पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तर चहा दुसऱ्या कुणी आणावा. मी बसून बोलणार आहे.