जंगलातून परतल्यावरचा ताप

पावसाळा आला की मेळघाटच्या पदभ्रमण सहलींचे बेत सुरू होतात. चिखलदऱ्याचे काळे कडे म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. भोवती सागाचे जंगल, कोरकू बांधवांची गावे. हे सारे जरूर पाहावे.

मात्र सहलीचे आयोजक बूट-रेनकोटाची यादी देतात, तापाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. हे योग्य नव्हे. हिवतापाचा डास चावल्यावर ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे, कधी त्याहून अधिक दिवस लागतात. तोवर सहल विसरलेली असते! गवतातील सूक्ष्म किडीच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफसही तसाच. २०१८ साली विदर्भाने तो अनुभवला आहे. चाव्याच्या जागी काळी खपली दिसते, पण प्रत्येकाला नाही. वेळीच ओळखल्यास डॉक्सिसायक्लिनसारखे स्वस्त औषध पुरते. उशीर जिवावर बेततो.

म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गवतावर लोळू नका, मच्छरदाणीत झोपा. परतल्यावर महिनाभरात ताप आला, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना आधी सांगा, "मी जंगलात जाऊन आलो," आणि रक्त तपासून घ्या. आयोजकांनी एवढे वाक्य परतीच्या गाडीतच सर्वांकडून पाठ करून घ्यावे.