परवाना कोणाचा – माणसाचा की मदरबोर्डचा?



'विंडोज विकत घेतली' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात आपण घेतो तो वापराचा परवाना. तो माणसाला मिळाला की यंत्राला, हे तो कोणत्या वाटेने आला यावर ठरते. सुटा विकत घेतलेला रिटेल परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना मात्र, मायक्रोसॉफ्टच्या अटींनुसार, त्या यंत्राबरोबरच संपतो. मदरबोर्ड बिघडला म्हणून बदलला तर चालते. अधिक वेगवान हवा म्हणून बदलला तर संगणक 'नवा' ठरतो! आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतो तो हा ओईएम परवानाच.

यात एवढे काय, असे कोणी विचारील. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेले, पण एरवी धडधाकट संगणक अधिकृतपणे विंडोज ११ वर जाऊ शकत नाहीत. इथे बेसिंगस्टोकच्या पुनर्वापर केंद्रात असा संगणक टाकला की त्याबरोबर पैसे मोजलेला परवानाही जातो, आणि नव्या संगणकाच्या किमतीत आपण तो पुन्हा भरतो.

कंपन्या म्हणतात, ओईएम परवाना यंत्राला बांधलेला असतो म्हणूनच स्वस्त पडतो. मला हे अर्धेच पटते. सवलत मिळते ती संगणक बनवणाऱ्याला. ग्राहकाच्या पावतीवर विंडोजची वेगळी किंमत सहसा नसतेच. जी सवलत दिसली नाही, तिच्या बदल्यात हक्क सोडला असे कसे म्हणायचे? राहिला गैरवापराचा मुद्दा. रिटेल परवाना वापरकर्त्याच्या खात्याशी जोडून नव्या यंत्रावर नेण्याची सोय २०१६ पासून आहे. म्हणजे अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

न्यायालयांनी या प्रश्नाला हात घातलेला आहे. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००० साली ठरवले की ओईएम प्रत यंत्राशिवाय विकण्यास मायक्रोसॉफ्ट मज्जाव करू शकत नाही. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात कायमस्वरूपी दिलेला, अगदी डाउनलोड केलेला परवानाही पुढे विकता येतो असा निर्णय दिला. अट एकच महत्त्वाची: विकणाऱ्याने आपली प्रत निकामी केली पाहिजे. आणि भारतात? टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, म्हणून त्यावर विक्रीकर लागतो, असे सांगितले. कर घेताना माल आणि हक्क मागताना नुसता परवाना, हा न्याय अजब आहे.

म्हणून मागणी साधी आहे: एक परवाना, एका वेळी एक यंत्र, पण यंत्र कोणते ते ग्राहकाने ठरवावे. चोरीच्या प्रतीचे समर्थन मी करत नाही. किंबहुना वाजवी हक्क दिले तर चोरीचे निमित्तच कमी होईल.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. गावाकडच्या शाळेला लॅपटॉप देताना फक्त आपली माहिती पुसा. ओईएम परवाना यंत्राबरोबर कायदेशीरपणे शाळेकडे जातो. आणि यंत्र विंडोज ११ ला नालायक ठरले असेल तर त्यावर लिनक्स घालून द्या. तो कोणत्याही मदरबोर्डवर न्यायला कुणाची परवानगी लागत नाही.