तूप वाढण्याआधी सांगा

लोणावळ्यापासून मालवणपर्यंत कुठल्याही बऱ्या हॉटेलात वेटरला 'जैन' एवढंच म्हटलं, तर पुढे काही समजावावं लागत नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर वगळायचं हे त्याला पाठ असतं. तो चिठ्ठीवर 'जैन' लिहितो, आतला आचारी चिठ्ठी वाचून वेगळं पातेलं पुढे ओढतो. पावभाजीच्या गाडीवर कच्च्या केळ्याची जैन पावभाजी मिळते. कुणी कपाळाला आठ्या घालत नाही, कुणी कारण विचारत नाही.

त्याच टेबलावर बसून 'व्हीगन' म्हणून पाहा. "हो मॅडम, आपलं प्युअर व्हेजच आहे," असं उत्तर येतं आणि पाठोपाठ पनीरच्या चार भाज्यांची नावं.

जैन जेवण हॉटेलांना कुणी कायदा करून शिकवलेलं नाही. जैन कुटुंबं वर्षानुवर्षं ते मागत राहिली, नाही मिळालं तिथून उठून गेली, आणि धंदा जातोय म्हटल्यावर हॉटेलवाल्यांनी शिकून घेतलं. दूध-तुपावाचूनचं जेवण याच वाटेने रुळेल, याबद्दल मला शंका नाही. मी स्वतः दूध, दही, तूप खात नाही. वासराच्या वाट्याचं दूध आपण काढून घेतो आणि दूध आटलं की त्या जनावराचं पुढे काय होतं ते पाहत नाही, हे मला पटेनासं झालं. कुणाला दूध पचत नाही, कुणाच्या मुलाला त्याची ॲलर्जी असते. कारणं वेगळी, पण सुट्टीच्या दिवशी या सगळ्यांना टेबलावर बसून पोटभर, चवीचं जेवण हवं असतं. फळांची बशी आणि उकडलेल्या भाज्या म्हणजे जेवण नव्हे.

ते मिळवायचं तर रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात काय चालतं ते माहीत हवं. तिथे प्रत्येक भाजी वेगळी शिजत नाही. सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यांत करून ठेवतात. टोमॅटो-काजूची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि कांदा-टोमॅटोची तपकिरी. मेनूकार्डाची दोन पानं या पातेल्यांतून निघतात. लाल ग्रेव्हीत लोणी आणि क्रीम आधीच पडलेलं असतं, पांढरीत बहुतेकदा खवा किंवा दूध. म्हणून 'मखनवाला करा, फक्त बटर नको' या सांगण्याला अर्थ नाही, बटर पातेल्यातच विरघळलेलं आहे. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही मात्र पुष्कळ ठिकाणी तेलावर परतलेली असते. 'कांदा-टोमॅटोच्या ग्रेव्हीत करा, तेलात, वरून क्रीम-बटर काही नको' असं नेमकं सांगितलं, की भेंडी, मटार, मशरूम, छोले, वांगं यांतलं जे ताजं असेल ते उत्तम होऊन येतं. आचाऱ्याचं कामही वाढत नाही.

पोळीचा भाग जास्त फसवा. नानच्या मैद्यात दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी नुसत्या कणकेची असू शकते, पण तंदूरमधून बाहेर आली रे आली की आचाऱ्याचा हात सवयीने बटरकडे जातो, चिठ्ठीवर 'प्लेन' असलं तरी. डाळीची फोडणी, जिरा राईस, उपमा, साबुदाण्याची खिचडी इथे तूप असणारच असं धरून विचारावं. डोशाच्या तव्यावर बटर असतं, इडलीच्या भांड्याचा तसा प्रश्न नसतो. सूप पिऊन झाल्यावर क्रीमची चौकशी करण्यात राम नाही. हनी चिली पोटॅटोत मध असतो, हे त्याच्या नावातच लिहिलेलं असूनही अनेकांच्या लक्षात येत नाही. याउलट पोहे, मिसळ, शेवभाजी, झुणका-भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, पाटवडी रस्सा यांच्या मूळ कृतीत दूध कुठेच नाही. महामार्गावरच्या साध्या ढाब्यावर मी जितकी निर्धास्त जेवते तितकी चकचकीत रिसॉर्टमध्ये जेवत नाही, ते यामुळेच.

हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. आपल्या नियमांप्रमाणे दूध आणि मध दोन्ही शाकाहारात मोडतात, त्यामुळे चौकोनातला हिरवा ठिपका आपल्याला हवं ते सांगत नाही. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळी खूण जाहीर केली, हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर छोटंसं पान. त्यासंबंधीचे नियम 2022 मध्ये आले. प्रवासात बिस्किटं, चॉकलेट, सोया दूध घेताना ही खूण शोधावी. हॉटेलच्या मेनूकार्डावर मात्र ती अजून क्वचितच दिसते. तिथे एक वेगळा नियम कामी येतो. ज्या हॉटेलसाखळीच्या दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा आहेत, तिला कुठल्या पदार्थात ॲलर्जी आणणारे घटक आहेत हे ग्राहकाला कळवावं लागतं, आणि त्या घटकांत दूध आहे. विमानतळावर, मॉलमध्ये, मोठ्या साखळी हॉटेलात ही माहिती हक्काने मागा.

आता कोकणाबद्दल, कारण या विषयात मला सगळ्यात जास्त चीड तिथेच येते.

मासळीचा प्रदेश म्हणून दूध-मासे न खाणारा माणूस कोकणात उपाशी राहील, असा समज आहे. खरी गोष्ट अगदी उलट आहे. इथली कोकण कपिला गाय लहान चणीची, डोंगरउतारावर चरणारी आणि दूध जेमतेम देणारी. नारळ मात्र दारात. त्यामुळे दुसरीकडे दूध, दही, साय जे काम करतात ते इथे पिढ्यानपिढ्या नारळाच्या रसाने केलं. सोलकढी घ्या. काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि आंबोळ्या घ्या. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी. गोडात नारळाच्या गोड रसात बुडवलेले घावणे, शिरवाळे, खापरोळी. यातल्या एकाही पदार्थातून काही 'वगळावं' लागत नाही. हे पदार्थ मूळचेच असे आहेत, आणि चवीला जगातल्या कुठल्याही ताटापुढे उभे राहतील.

आणि तारकर्लीच्या, गणपतीपुळ्याच्या, दिवेआगरच्या रिसॉर्टमध्ये बुफेवर काय मांडलेलं असतं? पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, दाल मखनी, गुलाबजाम. एका रिसॉर्टमध्ये मी कोरडा भात आणि काकडी घेऊन बसले होते, आणि मागच्या पडवीत तिथलीच माणसं काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि भात जेवत होती. मागितल्यावर त्यांनी आनंदाने वाढलं, मॅनेजर मात्र ओशाळला. "पाहुण्यांना हे साधं जेवण कसं द्यायचं?" त्याचा हा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणूनच तो मला जास्त लागला. मुंबई-पुण्याहून माणूस इतक्या लांब येतो तो पनीर खायला येत नाही. ज्या गावाला आपलं ताट साधं वाटू लागतं, त्या गावातून ते ताट करणाऱ्या बायकांचा मानही हळूहळू कमी होतो. व्हीगन पाहुण्याने त्या ताटाची आवर्जून मागणी केली तर दोघांचंही भलं होईल.

एक सावधगिरी मात्र कोकणात हवीच. नारळाच्या वाटणाच्या कालवणात, वांगं-बटाट्यात, दुधीत, वालात चवीसाठी सोडे किंवा सुकट टाकायची घरगुती रीत आहे, आणि गोव्यातही सुक्या सुंगटांशिवाय काहींची भाजी होत नाही. भाजी दिसते म्हणून गृहीत धरू नये, सोडे-सुकट नाही ना, ते विचारावं. मासे तळलेलं तेल आणि तवा वेगळा आहे का, तेही. उकडीच्या मोदकांवर तूप आधीच ओतून आणतात आणि उकड काढताना पाण्यातही चमचाभर घालतात. आदल्या दिवशी सांगितलं तर त्याऐवजी तेल घालून उकड सुरेख निघते.

गोव्यात अंजुणा, आसगाव, हरमलच्या बाजूला व्हीगन कॅफे आहेत. ओट्सच्या दुधाची कॉफी, टोफूचा स्क्रॅम्बल, काजूचं चीज मिळतं. ते असावेत, परदेशी पाहुण्यांची आणि आपल्याकडच्या तरुणांची सोय होते. पण त्यांची किंमत शहरातल्यासारखी आणि चवही शहरातल्यासारखीच. मला विचाराल तर सकाळी म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारपेठेतल्या जुन्या टपरीत पातळ भाजी आणि पाव खावा, दुपारी हिंदू खानावळीत खतखतें असेल का ते विचारावं. तुरीची डाळ, कितीतरी भाज्या, नारळ, कोकम आणि तिरफळं. तिरफळाचा तो जिभेला झिणझिण्या आणणारा स्वाद दुसऱ्या कुठल्या भाजीला नाही. अळसांद्यांचं तोणाक आणि मुगागाठीही अशाच बिनदुधाच्या. श्रावणातले आणि चतुर्थीचे दिवस असतील तर घरोघरी हेच शिजतं आणि हॉटेलांतही सहज सापडतं.

मागायचं कसं, हा खरा हुन्नर. बुकिंगच्या फोनवरच सांगावं आणि दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, मलई, मध अशी एकेक नावं घ्यावीत. 'दूध नको' म्हटल्यावर तूप त्यात येतं असं बहुतेकांना वाटत नाही. पोहोचल्यावर वेटरपेक्षा आचाऱ्याशी बोलावं, तेही दुपारचं जेवण आटोपून रात्रीची तयारी सुरू होण्याआधी, तेव्हा त्याला उसंत असते. 'तुम्ही घरी काय जेवता?' हा प्रश्न आचाऱ्याला आवडतो. जेवणानंतर आत जाऊन त्याला सांगावं, की भाजी झकास झाली होती. पुढच्या व्हीगन पाहुण्यासाठी याहून मोठी तरतूद नाही.

घरगुती निवासात गोष्ट नाजूक होते. आपल्याकडे वाढणारी बाई वरण-भातावर तूप सोडते तेव्हा ती नुसतं तूप सोडत नसते. ताटावर हात आडवा धरून 'नको' म्हटलं की तिचा चेहरा उतरतो, आपण कितीही हसून म्हटलं तरी. म्हणून ते ताटावर बसून कधीही सांगू नये. "काकी, मी दूध-तूप सोडलंय. तुमच्या हातचा कोरा चहा आणि घावणे मिळाले तर मला दुसरं काही नको," हे पोहोचल्या पोहोचल्या, सामान खाली ठेवतानाच सांगावं. मग ती स्वतःच हिशेब मांडायला लागते. फोडणीला खोबरेल चालेल ना? चटणी कुठली करू? सकाळी शिरवाळे पाडू? नकार असा आधी आला की त्याची तिला गंमत वाटते, आणि पाहुण्यासाठी काहीतरी खास केल्याचं समाधानही तिला मिळतं. व्हीगन असण्याचं प्रवचन तिथे देऊ नये, तिने विचारलं तर दोन वाक्यांत मनापासून सांगावं.

परदेशी निघालेल्यांसाठी थोडक्यात. विमानाचं तिकीट काढताना 'हिंदू' किंवा 'एशियन व्हेज' जेवण निवडलं तर त्यात दही-पनीर असू शकतं. आपल्यासाठी व्हीजीएमएल हे संकेताक्षर आहे आणि ते साधारण एक दिवस आधी कळवावं लागतं. जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या सूपच्या पाण्यातही सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, पण कोयासानच्या बौद्ध मठांतल्या धर्मशाळांत मिळणारं शोजिन जेवण संपूर्ण वनस्पतीजन्य असतं. थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेल्या गाड्या शोधाव्यात. इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात आणि त्या दिवशी प्राणिजन्य काहीही खात नाहीत. इंजेरावर मांडलेल्या डाळी-भाज्यांचं ते उपवासाचं ताट इतर दिवशीही मागून मिळतं. परदेशातल्या भारतीय हॉटेलात मात्र पुन्हा त्या लाल ग्रेव्हीचीच गाठ पडते.

राज्यातल्या रिसॉर्टवाल्यांकडे, आणि पर्यटन महामंडळाच्या निवासांकडे तर विशेष करून, माझं मागणं लहान आहे. बदामाचं दूध आणि टोफू आणा असं मी म्हणत नाही. मेनूकार्डावर ज्या पदार्थांत दूध-तूप नाही त्यांच्यापुढे एक खूण करा. एक ग्रेव्ही तेलात ठेवा. रोटीला बटर विचारून लावा. आणि कोकणात असाल तर सकाळच्या नाश्त्याला ब्रेड-बटरच्या शेजारी घावणे आणि ओल्या नारळाची चटणी मांडा. तांदूळ तुमच्या शिवारातला आहे, नारळ तुमच्या वाडीतला आहे आणि ते घावणे घालणारी काकी तुमच्याच स्वयंपाकघरात आत्ता ब्रेड भाजते आहे.