घरांतील जुनें सोनें : माळेंतला शिपाई

जोगेश्वरीच्या एका वाचकभगिनी लिहितात कीं, जुनी इमारत पाडून नवी होणार म्हणून बिऱ्हाडें वेगळीं होत आहेत. आजेसासूबाईंच्या पुतळ्यांच्या माळेचे चार वांटे करावयाचे आहेत. थोरले भाऊजी म्हणतात, माळ आटवावी व सोनें तोलून द्यावें. त्यांत गैर काय? शिवाय दोन पुतळ्यांवर राम-सीता नसून तरवार घेतलेला शिपाई आहे, तो कोण?

आमच्या मतें दुसऱ्या प्रश्नांतच पहिल्याचें उत्तर आहे. आपली पुतळी ही मूळची व्हेनिस नगरीची मोहोर. १२८४ पासून तें प्रजासत्ताक १७९७ सालीं लयास जाईपर्यंत ती पाडली जात होती. संत मार्कपुढें गुडघे टेकलेला अधिपती तिच्यावर आहे. आमच्या लोकांनीं त्या जोडीला राम-सीता मानलें, आणि सोनारांनीं केलेल्या नकलांत लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या. शिपायाचें नाणें मात्र बहुधा डच डुकाट असावें. १५८६ पासूनच्या या नाण्यावर शिपायाच्या एका हातीं तरवार व दुसऱ्या हातीं सात प्रांतांचे सात बाण असतात. मागील अंगास चौकटींत मजकूर असतो. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, म्हणजे साडेतीन माशांहून किंचित् अधिक. सोनें शेंकडा ९८. व्हेनिसच्या मोहोरेवर साल नसतें, डच नाण्यावर शिपायाच्या दोहों बाजूंस असतें. भिंग घेऊन तें वाचावें. भोंवतालच्या अक्षरांचा अर्थ ‘ऐक्यानें लहान गोष्टी वाढतात’ असा आहे. वांटणीच्या वेळीं तो वाचावा लागावा, हा योग चमत्कारिक खरा!

डच कंपनीच्या वखारी सुरतेस व वेंगुर्ल्यास होत्या. वेंगुर्ल्याच्या वखारीचे पडके अवशेष अद्यापि आहेत. पूर्वेकडील माल घ्यावयाचा तर युरोपास सोनें-रुपेंच पाठवावें लागे. अशा सफरीस निघालेलें ‘व्लीखेन्टहार्ट’ जहाज १७३५ सालीं मायदेशाच्या किनाऱ्यापाशींच बुडालें. १९८१ सालीं त्याचा ठाव लागला, तेव्हां त्यांत डुकाट सांपडले. तथापि शिपाई दिसला कीं तो हॉलंडचाच, असेंही समजूं नये. रशियानें सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळींत १८६८ पर्यंत त्याची गुपचूप नक्कल चालविली होती! नेदरलंड्समध्यें तर हें नाणें आजही पाडलें जातें. म्हणून सालाचें महत्त्व.

माळ आटविली म्हणजे हें सारें जाऊन केवळ वजन उरतें. वांटणी वजनानें अवश्य व्हावी, पण भट्टीनें नको. नग वांटून घ्यावे, उण्याअधिकाचा हिशेब रोखीनें पुरा करावा. कडी लाविलेल्या नाण्यास संग्राहक कमी किंमत देतात हें खरें. परंतु कडी काढूं गेल्यास डाग अधिकच दिसतो, ती राहूं द्यावी. रिठे, चिंच, ब्रश यांपैकीं कशानेंही नाणें घांसूं नये. इतकें शुद्ध सोनें मऊ असतें, आणि घांसून गेलेलें अक्षर परत येत नाहीं. प्रत्येक नग निराळ्या कागदांत ठेवावा, कडेनेंच धरावा, दोन्ही अंगांचीं छायाचित्रें काढावीं. माळ कोणी केली, कोणाच्या लग्नांत घातली, हें वडील माणसांना विचारून आजच लिहून ठेवावें. तें सांगणारें माणूस नाण्याइतकें टिकत नाहीं.

दोन कायदे लक्षांत असावेत. १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांवरील नाणें खासगी रीतीनें परदेशीं नेतां येत नाहीं; तेव्हां परदेशस्थ चिरंजीवांचा वांटा येथेंच ठेवावा. आणि इमारत पाडतांना भिंतींत किंवा जमिनींत कांहीं सांपडलें, तर तें पेटींतल्या वस्तूसारखें घरचें नव्हे. १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस कळवावें लागतें.

नाशिकजवळ अंजनेरीस नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तेथील जाणकारांस छायाचित्रें दाखवावीं, आणि तोंवर सोनाराची पायरी चढूं नये. साल वाचतां आलें तर आम्हांसही कळवावें.