दुखणे आणि दुखापत

सकाळी कठड्याला धरून एकेक पायरी उतरणारी अकरा वर्षांची मुलगी दिसली की घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणतात, "बंद करा ते जिम्नॅस्टिक्स." दुकानाकडे निघालेले वडील म्हणतात, "होईल सवय." दोघेही निकालाची थोडी घाई करतात.

नवा प्रकार शिकल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच जड होणे ही दुखापत नव्हे. उडीवरून जमिनीवर उतरताना स्नायू ताणाखाली लांबतो, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि 24 ते 72 तासांत वेदना सर्वाधिक जाणवून ओसरते. दोष अजूनही लॅक्टिक आम्लाला दिला जातो. ते मात्र तास-दोन तासांतच निघून गेलेले असते. अशा वेळी हलके चालणे, कोमट पाण्याचे स्नान आणि पुरेशी झोप एवढे पुरते.

स्नायू ताणला गेला असेल तर कळ एका क्षणी, एकाच जागी येते. मागाहून सूज दिसते, कधी जागा काळीनिळी पडते. तेव्हा सराव तत्काळ थांबवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे लावावा, लवचीक पट्टी बांधावी, पाय उशीवर ठेवावा. बर्फ अभक्ष्य मानणाऱ्या घरी तो आणायलाही मन धजत नाही. तिथे माठातल्या गार पाण्याची घडी चालेल. पहिले दोन दिवस गरम तेलाने चोळणे मात्र नको. त्यामागची माया खरी, पण सूज वाढते. लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन तर वैद्यकीय सल्ल्याविना देऊच नये.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा कोवळी असते. हातांवर शरीर तोलणाऱ्या या खेळात मनगट, तसेच टाच आणि गुडघ्याखालचा भाग तिथेच दुखावतो. मागे वाकताना कंबर दुखत राहिली, तर 'स्नायूच असेल' म्हणून दिवस न काढता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

चौविहार पाळणाऱ्या मुलीचा सराव संध्याकाळी असेल, तर सरावानंतर अन्नही नाही, पाणीही नाही. शिणलेल्या स्नायूंना ही गोष्ट जड जाते. शक्य असल्यास सकाळची तुकडी घ्यावी. नाहीतर दुपारी वरण, मूग, दूध आणि भरपूर पाणी यांची काळजी घ्यावी. पर्युषणात उपवास असेल, तर प्रशिक्षकांना आधी सांगून त्या दिवशी उड्या टाळाव्यात. व्रतही पाळले जाते, गुडघेही वाचतात.

खरी चिंता वेगळीच आहे. निवडस्पर्धा जवळ आली की मुले दुखणे लपवतात, आणि कधी पालकच वेदनाशामक गोळी देऊन त्यांना उभे करतात. 2016 साली रिओत चौथी आलेल्या दीपा कर्माकरच्या गुडघ्यावर पुढच्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली. दीर्घ विश्रांतीनंतर जुलै 2018 मध्ये तिने तुर्कस्तानातील मर्सिन येथे जागतिक चषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले.

सरावाला परतण्याची खूण घरीही पाहता येते. दुखऱ्या बाजूची हालचाल आणि ताकद दुसऱ्या बाजूइतकीच, वेदनेविना व्हावी. पहिल्या दिवशी उडी नको. आधी चालणे, मग धावणे.