मशीन लाखांची, पण रक्त काढणारा हात शिकवलाय का?

चाकण : पावसाळा लागला की चाकण, राजगुरुनगर, आळंदी, तळेगाव या पट्ट्यात तापाचे पेशंट वाढतात आणि घराघरात एकच प्रश्न असतो, प्लेटलेट किती आल्या? दीड लाखाच्या वर असल्या तर घर निवांत. कागदावर चाळीस हजार आलं की रात्रीच गाडी काढून पिंपरी गाठायची, रक्तपेढीत फोन लावायचे, पाहुण्यांकडून उसने पैसे गोळा करायचे.

पण तो आकडा दर वेळी खरा असतोच असं नाही. प्लेटलेटसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. रक्त घेतल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा हळुवार खालीवर करावी लागते. घाईत ते राहिलं तर आत बारीक गुठळ्या धरतात. गुठळीत अडकलेल्या प्लेटलेट मशीन मोजत नाही, त्यामुळे रिपोर्टात आकडा कमी येतो. अशा वेळी काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनी तपासलं, गरज पडली तर नमुना पुन्हा घेतला, तर खरं काय ते कळतं.

रक्ताच्या तपासणीत ज्या चुका होतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त नमुना मशीनमध्ये जायच्या आधीच्या असतात, हे जगभरच्या प्रयोगशाळांचा अभ्यास सांगतो. शेतकऱ्याला हे नव्यानं सांगायला नको. माती परीक्षणाची माती बांधाजवळून नाहीतर उकिरड्याशेजारून उचलली, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, खताचा हिशोब चुकणारच. डेअरीत कॅन न ढवळता दूध काढलं तर फॅट चुकतं. रक्ताचंही तसंच आहे, फक्त इथं चुकीचा हिशोब माणसाच्या अंगावर येतो.

सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलं तर ते पातळ होतं, आणि सलाइन ग्लुकोजची असेल तर साखर भलतीच वाढलेली दिसते. सिरिंजमधलं रक्त जोरानं नळीत ढकललं तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम वाढल्याचा रिपोर्ट येतो. किडनीच्या पेशंटला हा आकडा किती घाबरवतो, ते ज्याच्या घरी डायलिसिस चालू आहे त्याला विचारा. जांभळ्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतून 'भागवलं' तर पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम खाली जातं.

ग्रामीण भागाला सगळ्यात जास्त फटका साखरेच्या तपासणीत बसतो. साध्या नळीत तसंच ठेवलेलं रक्त स्वतःच आतली साखर खात राहतं, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. उपाशीपोटी 126 पासून मधुमेह धरतात. समजा एखाद्याची साखर 130 आहे आणि नळी चार तास टेबलावर नाहीतर मोटरसायकलच्या डिकीत राहिली, तर रिपोर्टात शंभरच्या आसपास आकडा येतो. माणूस खुशीत घरी जातो. यासाठीच राखाडी टोपणाची नळी असते. सरकारी दवाखान्यातले नमुने 'महालॅब' योजनेत गोळा करून दूरच्या प्रयोगशाळेत नेले जातात. मोफत आहे, सोयीचं आहे. पण नमुना प्रवास करतो, म्हणून कोणती नळी वापरली, रक्त किती वाजता घेतलं, पेटी थंड होती का, याला इथं जास्त महत्त्व आहे.

एमआयडीसीतल्या तपासणी शिबिरांचा प्रश्न वेगळा. एका सकाळी शेकडो कामगारांचं रक्त घ्यायचं असतं. वेळ वाचवायला नळ्यांवर नावं आधीच लिहून ठेवली आणि रांग पुढंमागं झाली, की एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर. एकाच लाइनवर तीन संतोष असतील तर बघायलाच नको. त्यात तिसऱ्या पाळीचा कामगार रात्री तीनला कँटीनमध्ये जेवलेला असतो. सकाळी त्याचं रक्त 'उपाशीपोटी' म्हणून घेतलं तर त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा?

नळीवरच्या नावाची किंमत पुणे जिल्ह्याला 19 मे 2024 च्या कल्याणीनगर अपघातानंतर कळली. त्या प्रकरणात ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही, म्हणून ते उघड झालं. तो आरोप जाणूनबुजून केल्याचा आहे, न्यायालय काय ते ठरवेल. पण नकळत नळी बदलली गेली तर दुसरा नमुना कोण घेणार आणि डीएनए कोण जुळवणार? रक्त चढवण्याआधी गट तपासताना ही चूक झाली, तर ती जिवावर बेतते.

सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं की प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरचीच हवी. सुई टोचणाऱ्या माणसाकडं मात्र फारसं कुणाचं लक्ष नाही. लॅब टेक्निशियनसकट सहायक आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 2021 मध्ये केंद्राचा कायदा झाला. 2024 मध्ये तो राबवा म्हणून कोर्टाला राज्यांना बजावावं लागलं.

मोठ्या रुग्णालयांत वॉर्डातलं रक्त बहुतेक वेळा नर्स किंवा शिकाऊ डॉक्टर काढतात. पिंपरीच्या वायसीएमसारख्या ठिकाणी खेड, मावळ, जुन्नरपासून पेशंट जातात, तिथला कामाचा रेटा सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे नुसत्या प्रयोगशाळेतल्या लोकांना हॉलमध्ये बसवून एक दिवस भाषण दिलं, चहा-बिस्किट झालं, फोटो निघाला, की प्रशिक्षण झालं असं म्हणता येत नाही. वॉर्डातल्या माणसाला कामाच्या जागीच दाखवावं लागतं : आधी नाव आणि वय पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं, हाताला पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त बांधायचा नाही, नळ्या ठरलेल्या क्रमानं भरायच्या, आणि लेबल रक्त घेतल्यावर तिथंच, पेशंटसमोर लावायचं. कंत्राटी माणसं सारखी बदलतात, म्हणून नवीन आलेल्याला काही दिवस जुन्याच्या नजरेखालीच सुई हातात द्यायला हवी.

आणि मोजमाप हवं. कोणत्या वॉर्डातून किती नळ्या गुठळी झाली म्हणून, कमी रक्त म्हणून, नाव नाही म्हणून परत गेल्या, याची वही ठेवली आणि दर महिन्याला त्या वॉर्डाला दाखवली, की कुणाला काय शिकवायचं ते आपोआप कळतं. याला लाखाची मशीन लागत नाही. अडचण एवढीच, की मशीनचं उद्घाटन होतं, वहीचं होत नाही.

पेशंटनंही तोंड उघडायला हरकत नाही. लेबल आपल्यासमोर लावायला सांगावं, नाव वाचून बघावं. तिसरी पाळी केली असेल, रात्री जेवण झालं असेल, सलाइन चालू असेल, तर आधी सांगावं. रिपोर्ट आणि तब्येत यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा तपासणीचं विचारावं.

प्रयोगशाळेतून 'नमुना पुन्हा द्या' असा फोन आला की लोक चिडतात. खरं तर खराब नमुना परत पाठवणारी लॅब आपलं काम नीट करते आहे. मात्र त्या दुसऱ्या फेरीत कामगाराचा अर्धा दिवसाचा पगार आणि बसभाडं जातं, तेव्हा दुसऱ्यांदा पैसे तरी घेऊ नयेत.